थायी सॅकब्रूडची साथ आणि ढोलीतली सातेरी

१९७८ साली मेघालयातल्या मधपाळांच्या पेट्यांत अळ्या मरू लागल्या. एरवीचा क्रम असा असतो: पोसून मोठ्या झालेल्या पांढऱ्या अळीच्या षट्कोनी घरावर कामकरी माश्या मेणाचे झाकण घालतात, अळी आत ताठ पसरते आणि त्या अंधारात तिची माशी होते. या पेट्यांत अळी ताठ पसरत होती आणि तिथेच थांबत होती. तिची शेवटची कात सुटत नव्हती. कात आणि अंग यांच्यामध्ये पाणी साठत होते. चिमट्याने अळी उचलली, तर पाण्याने भरलेली पिशवी वर येई. पांढरा रंग आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळपट होई आणि डोक्याचे टोक वर वळलेले राही. घाण वास नाही, उडणाऱ्या माश्यांच्या अंगावर कसली खूण नाही. पेटीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसाला सगळे ठीकच दिसावे, असा हा रोग होता.

पण वसाहतीचे गणित साधे असते. हंगामात कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. तिच्या जागी नवी माशी आली नाही, तर महिना-दीड महिन्यात पेटी रिकामी होत जाते. मकरंद आणणाऱ्या कमी, अळ्यांना भरवणाऱ्या कमी, पोळे राखणाऱ्या कमी. मग एखाद्या दिवशी उरलेल्या माश्या राणीला घेऊन पेटी सोडून निघून जातात. मधपाळ याला ‘माश्या उठून गेल्या’ म्हणतात. सातेरी माशीचा हा जुनाच स्वभाव आहे. जागा नासली की ती जागा सोडते. या वेळी मात्र उठून जाणाऱ्या माश्या रोगही सोबत नेत होत्या.

अळीची पिशवी करणारा रोग जगाला नवा नव्हता. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जी. एफ. व्हाइट यांनी १९१३ मध्ये त्याला सॅकब्रूड हे नाव दिले. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही त्याचे कारण पार होते, म्हणजे ते जिवाणूहून बारीक आहे, हेही त्यांनी त्याच काळात दाखवले. युरोप-अमेरिकेच्या माशीत, एपिस मेलिफेरात, तो फारसा भयंकर नव्हता. काही अळ्या मरत, कामकरी माश्या त्या उचलून बाहेर टाकत, हंगाम बहरला की वसाहत सावरे. १९७६ मध्ये थायलंडमधल्या एपिस सेराना माश्यांत, म्हणजे आपल्या सातेरीच्याच जातीत, जो दिसला तो वेगळाच निघाला. इंग्लंडमधल्या रॉथॅम्स्टेडच्या प्रयोगशाळेत लेस्ली बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला आणि १९८२ मध्ये लिहिले की हा सॅकब्रूडच्याच कुळातला, पण निराळा वाण आहे. तेव्हापासून त्याला थायी सॅकब्रूड म्हणतात.

मेघालयातून तो पश्चिमेकडे सरकला. बिहारमधली साथ १९८२ मध्येच ‘इंडियन बी जर्नल’मध्ये नोंदली गेली. ती नोंद करणारे के. के. क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी होते. पुढच्या काही वर्षांत उत्तर प्रदेशच्या डोंगरी भागापासून हिमाचल आणि काश्मीरपर्यंत सातेरीच्या पेट्या ओस पडल्या. कितीतरी भागांत दहातल्या नऊ वसाहती गेल्या. १९८६ मध्ये वायव्य हिमालयातला विषाणू तपासून तो थायी सॅकब्रूडच असल्याची खात्री करून घेण्यात आली. तोवर त्या डोंगरांतल्या बहुतेक मधपाळांच्या दृष्टीने खात्री करून घेण्यासारखे काही उरले नव्हते.

ही साथ आपल्याला एवढी का लागली, हे समजायला चाळीस वर्षे मागे जावे लागते. पेटीतल्या माशीवर या देशाने, आणि त्यातही महाराष्ट्राने, फार मोठी आशा ठेवली होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्या जोडीने मधमाशीपालनही तिथे आले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी पुढे निसर्गातल्या अर्थव्यवस्थांची जी उतरंड मांडली, तिच्यात मधमाशीला वरचे स्थान आहे, कारण ती एकटीसाठी गोळा करत नाही. १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांताने महाबळेश्वरात मधमाशीपालनाचे काम उभे केले. १९६२ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. सातेरीच्या वाणांचा, तिच्या फुलोऱ्याचा आणि तिला मानवणाऱ्या पेटीचा अभ्यास या संस्थेने ज्या चिकाटीने केला, तसा तेव्हा आशियात फार थोड्या ठिकाणी होत होता.

या सगळ्याचा पाया एकच होता. सातेरी अंधाऱ्या ढोलीत, एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. म्हणून तिला लाकडी चौकटींच्या पेटीत नांदवता येते. आग्या माशी उघड्यावर, एकच प्रचंड पोळे बांधते. तिला पेटी चालत नाही. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात माणसे ढोलीतल्या आणि कपारीतल्या वसाहती काढून पेटीत भरत, जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर ठेवत, आणि काही वर्षांनी एकदाच डोंगर निळा करणाऱ्या कारवीच्या मधाची वाट पाहत. ज्याला शेत नाही, गुरे नाहीत, त्याच्याही परसात दहा पेट्या मावतात. ग्रामोद्योगवाल्यांना या धंद्याचे प्रेम होते ते यामुळे, आणि ते प्रेम डोळस होते असेच मी म्हणेन.

पण पेटीने माशीच्या जगण्यात एक मोठा बदल केला. रानात सातेरीच्या दोन ढोली सहसा एकमेकींपासून लांब असतात. मधबनात वीस-पंचवीस वसाहती चार-चार हातांवर येऊन बसल्या. वाट चुकलेली माशी शेजारच्या पेटीत शिरते. दुबळ्या पेटीतला मध सबळ पेटीतल्या माश्या लुटतात. मधपाळ एका पेटीतली अळ्यांची चौकट काढून दुसऱ्या पेटीला देतो, तीच सुरी, तेच मधयंत्र सगळ्या पेट्यांत फिरते. शिवाय पेट्या विकत मिळू लागल्या, ट्रकमधून जिल्हा ओलांडू लागल्या. जो विषाणू रानात एका ढोलीसोबत मरून गेला असता, त्याला आपण शेजार दिला आणि पुढे वाहनही दिले.

त्याची चालही पाहण्यासारखी आहे. अळ्यांना भरवणाऱ्या तरुण कामकरी माश्या डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरणारे दुधासारखे अन्न देतात. मेलेली अळी साफ करताना विषाणू या माशीच्या पोटात जातो आणि त्या ग्रंथींपर्यंत पोहोचतो. तिला स्वतःला आजार दिसत नाही, पण ती पुढच्या प्रत्येक अळीला अन्नासोबत विषाणू भरवत राहते. म्हणजे वसाहतीतली स्वच्छता आणि वसाहतीतली माया, या दोन्ही गोष्टी रोगाच्या कामी येतात. त्यावर औषध नाही. जिवाणूंवरची प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, हे माहीत असूनही घाबरलेल्या माणसांनी ती साखरपाण्यातून दिली. त्याने मध तेवढा बाटला.

१९९१-९२ मध्ये साथ दक्षिणेत उतरली. कन्याकुमारीजवळच्या मार्तंडमला १९२०च्या दशकापासून पेटीतल्या माशीची परंपरा होती. केरळात रबराच्या मळ्यांवर सातेरीच्या पेट्यांची दाटी होती. कर्नाटकातल्या कोडगूचा मध देशभर नावाजलेला होता. तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांत दोन-तीन हंगामांत बहुतेक पेट्या संपल्या. नव्वदीच्या त्याच दशकात सह्याद्रीतल्या आपल्या मधपाळांनाही तिची झळ बसली. आईबापांनी शिकवलेला आणि घरात दोन पिढ्या चाललेला धंदा रिकाम्या पेट्यांची चळत होऊन ओट्यावर पडला. कुणी मजुरीला गेले, कुणी मुंबईची वाट धरली. या माणसांची नावे कुठल्याही नोंदवहीत आली नाहीत. देशाच्या मधाच्या आकड्यांत उत्पादन खाली आलेले तेवढे दिसते.

आता या कहाणीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला यायला हवे.

आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातले गाव. बाहेरच्या माणसाला ते सागासाठी माहीत असते. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला, तेव्हा वर्तमानपत्रांत या पट्ट्याचे नाव पुन्हा झळकले. वनखात्याने इथे पिढ्यान्‌पिढ्या लाकूड काढले, डेपो उभे केले, सागाची लागवड केली. आणि त्याच खात्याने भामरागडच्या वाटेवरचा सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा न तोडता राखून ठेवला. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून तो ओळखला जातो. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले असे ते पहिले. तिथे उंच, म्हातारे साग आहेत, आणि सागासोबत ऐन, बेहडा, बांबू, वेली, पडलेली झाडे, कुजणारे ओंडके आहेत. माशीच्या दृष्टीने हे जंगल आणि सरळ रांगेतली सागाची लागवड यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लागवडीतला साग तरुण आणि निरोगी असतो. ढोली पडते ती म्हाताऱ्या झाडाला. लाकूड मोजणाऱ्याच्या वहीत पोकळ झाड म्हणजे तोटा. सातेरीसाठी तेच घर.

या जंगलात चार माश्या नांदतात. उंच झाडांच्या आडव्या फांद्यांखाली आग्या मोहोळ लटकते. ढोलीत आणि वारुळाच्या पोकळीत सातेरी असते. झुडपांत हातभर उंचीवर फुलोरीचे तळहाताएवढे पोळे सापडते. चौथी पोयाची, नांगी नसलेली, खोडाच्या फटीत डिंकाची नळी काढून राहणारी. इथल्या गोंड आणि माडिया माणसांना या चौघींच्या जागा, त्यांचे हंगाम, कुठल्या फुलोऱ्याचा मध पातळ आणि कुठला घट्ट, हे पाठ असते. बाजारात जातो तो मुख्यतः आग्या माशीचा मध, उन्हाळ्यात काढलेला.

थायी सॅकब्रूड हा सातेरीचा रोग. मध्य भारताच्या या जंगलांत पेट्यांची दाटी कधीच नव्हती. साथीला इथे पेटीमागून पेटी सापडली नसती. ढोलीतली वसाहत आजारी पडली, तर ती बहुतेक एकटीच मरते, आणि मुंग्या, मेणकिडे दोन महिन्यांत तिचे पोळे संपवून टाकतात. रोगातून जी वसाहत निभावते तिचीच पुढे पिल्लावळ होते, तिचेच नर रानातल्या राण्यांना मिळतात. हे काही मी आलापल्लीपुरते कौतुक म्हणून सांगत नाही. हिमालयात आणि दक्षिणेत साथ ओसरल्यावर पेट्या पुन्हा भरल्या, त्या याच वाटेने. मधपाळ पुन्हा रानात गेले, ढोलीतल्या आणि कपारीतल्या ज्या वसाहती वाचल्या होत्या त्या त्यांनी आणल्या. त्यांतल्या ज्या आजारी पडल्या त्यांची पैदास थांबवली, ज्या टिकल्या त्यांच्यापासून राण्या वाढवल्या. काही दिवस राणीला पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवण्याची युक्तीही त्याच काळात रुळली. पंधरा-वीस दिवस नवी अळीच नसेल, तर माश्यांना घरे चाटून-पुसून साफ करायला वेळ मिळतो आणि विषाणूची साखळी तुटते. औषधाच्या बाटलीने जे झाले नाही ते निवडीने आणि उसंतीने बऱ्याच अंशी साधले. रोग गेला नाही. आजही तो अधूनमधून उठतो, पण दहातल्या नऊ वसाहती नेणारी पहिली लाट पुन्हा तशी आली नाही.

पेट्या आपण बनवल्या, संस्था आपण काढल्या, पण माशीचा साठा शेवटी जंगलाने सांभाळला. पश्चिमेच्या डोंगरांतल्या मधपाळाला जेव्हा सगळे संपले असे वाटत होते, तेव्हा त्याची भरपाई करू शकेल असे एकच ठिकाण होते: माणसाने न हाताळलेली ढोली.

परजीवी कोळ्यांची गोष्ट याहून जुनी आहे, आणि तिच्यात आपल्या जंगलातल्या माश्या आणखी मोठ्या ठरतात. १९०४ मध्ये जावा बेटावर एडवर्ड याकोबसन यांना सातेरीच्या जातीच्या माशीवर एक तांबूस, चपटा, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा कोळी सापडला. औडेमान्स यांनी त्याला व्हरोआ हे नाव दिले. त्यानंतर जवळपास अर्धे शतक कुणाचे त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. जायचे कारण नव्हते, कारण सातेरी त्याच्यासोबत आरामात जगत होती. पुढे माणसाने युरोपची मेलिफेरा माशी पूर्व आशियात नेली, दोन्ही माश्या शेजारी आल्या, आणि कोळ्याने घर बदलले. मेलिफेराला त्याचा पत्ताच नव्हता. १९८७ मध्ये तो अमेरिकेत, १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये, २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडला. ऑस्ट्रेलिया तेवढा वाचला होता. तिथेही तो २०२२ मध्ये न्यूकॅसलच्या बंदराजवळ निघाला. जगभर पसरलेला हा कोळी जावातल्या कोळ्याहून वेगळ्या जातीचा आहे, हे २००० मध्ये अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवले. नव्या जातीला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच विध्वंसक असा आहे.

हा कोळी झाकण पडण्याच्या जरा आधी अळीच्या घरात शिरतो, आत अंडी घालतो आणि कोषातल्या माशीच्या अंगातल्या चरबीवर पोसतो. तो माशीचे रक्त पितो असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. चरबीची गोष्ट २०१९ मध्ये पुढे आली. पण त्याचा खरा घात वेगळाच आहे. तो विषाणू टोचतो. हवाई बेटांत हे उघड्या डोळ्यांनी पाहता आले. २००७ मध्ये व्हरोआ ओआहू बेटावर पोहोचला. पंख वेडेवाकडे करणारा विषाणू तिथल्या सुमारे १० टक्के वसाहतींत होता, तो कोळी पोहोचलेल्या ठिकाणी जवळपास सगळ्या वसाहतींत गेला, आणि त्याच्या अनेक वाणांपैकी एकच घातक वाण शिल्लक राहिला. तोंडातून पोटात जाणारा विषाणू आणि थेट अंगात टोचला जाणारा विषाणू यांत एवढा फरक पडतो.

सातेरीने या कोळ्याला कसे रोखले असेल? एक तर ती अंगावरचा कोळी ओळखते, झटकते, शेजारणीला नाचून सांगते आणि दोघी मिळून तो चावून टाकतात. चिनी आणि अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ मध्ये हे लिहून ठेवले. दुसरे म्हणजे, सातेरीत कोळ्याची वीण जवळजवळ फक्त नरांच्या घरांत होते, आणि नर वर्षातला थोडाच काळ वाढवले जातात. ज्या नरात कोळी फार झाले तो नर जाड झाकण फोडून बाहेर येऊ शकत नाही. कामकरी माश्या त्याला तसेच आत ठेवतात, कोळ्यांसकट. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की कामकरी सातेरीची अळी कोळ्याचा चावा सोसूच शकत नाही. ती लवकर मरते, माश्या तिला बाहेर काढतात आणि कोळ्याची वीण तिथेच खुंटते. मेलिफेराची अळी तगून राहते, म्हणूनच तिची वसाहत मरते. एका अळीचे नाजूकपण वसाहतीचे कवच होते.

आग्या माशीचा कोळी वेगळा आहे: ट्रोपिलिलॅप्स. व्हरोआहून लहान, लांबट, आणि पोळ्यावर सुसाट पळणारा. १९६१ मध्ये फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून त्याचे पहिले वर्णन झाले. आग्या माशी ही त्याची मूळची यजमान. त्याचे दुबळेपण एकाच जागी आहे. त्याचे तोंड प्रौढ माशीचे कवच भेदू शकत नाही. त्याला अळ्याच लागतात, आणि अळ्यांवाचून तो दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. आग्या माशी फुलोरा संपला की पोळे टाकून उठते आणि शंभराहून अधिक किलोमीटर लांब जाते, वाटेत झाडांवर विसावत, अळ्यांवाचून. हंगाम फिरला की पुष्कळदा त्याच झाडावर, त्याच फांदीवर तिचे वंशज परत येतात. या प्रवासात कोळ्याची गळती आपोआप होते. पेटीत बारमाही अळ्या वाढवणाऱ्या मेलिफेराला ही उसंत नाही, म्हणून तिच्यात हा कोळी माजतो. २०२४ मध्ये तो रशियाच्या दक्षिण भागात आणि जॉर्जियात सापडला. युरोपातले मधपाळ आता त्याच्या धास्तीत आहेत. गडचिरोलीच्या उन्हाळ्यात झाडाखालून दिसणारे टाकलेले, काळे पडलेले आग्या मोहोळाचे पोळे हे या कोळ्यावरचे सगळ्यांत जुने आणि आजवर कधी न चुकलेले औषध आहे.

भारतात मेलिफेरा माशी नीट रुजली ती १९६२ ते १९६४ या काळात, हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे. पंजाब कृषी विद्यापीठाच्या ए. एस. अटवाल यांच्या प्रयत्नांनी. १९७१ मध्येच अटवाल आणि गोयल यांना पेटीतल्या माश्यांवर ट्रोपिलिलॅप्सवरचे उपाय लिहावे लागले, म्हणजे नव्या माशीला आपल्या रानातला कोळी किती लवकर भेटला ते पाहा. थायी सॅकब्रूडने सातेरी उठल्यावर उत्तरेतल्या मधपाळांनी झपाट्याने मेलिफेरा धरली. ती त्या विषाणूला दाद देत नव्हती आणि मधही कितीतरी जास्त देत होती. त्यांचा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. घर चालवायचे होते. पण २००४-०५च्या सुमारास व्हरोआने पंजाब-हरियाणातल्या पेट्याही उद्ध्वस्त केल्या. एका रोगातून सुटायला आणलेली माशी दुसऱ्या परजीवीच्या हाती लागली.

म्हणूनच आलापल्लीसारख्या जंगलात मेलिफेराच्या पेट्या नेण्याचा विचार मला पटत नाही. २०१७ मध्ये खादी आयोगाची मध मोहीम आली, मग राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान आले. पेट्या वाटणे हे सरकारी यंत्रणेला सोपे वाटणारे काम आहे: संख्या मोजता येते, छायाचित्र काढता येते. मोहरी किंवा सूर्यफुलाच्या शेतात मेलिफेराने काम करावे, त्याला कुणाची हरकत असेल? पण जंगलात एकाच फुलावर चार जातींच्या माश्या बसतात, आणि विषाणू फुलावरून फुलावर जातात. ट्रकमधून आलेली पन्नास पेट्यांची फौज तिथे उतरवणे म्हणजे ज्या साठ्यातून उद्या सगळ्यांना भरून घ्यायचे आहे, तोच नासवण्याचा धोका पत्करणे. जंगलात पेटी ठेवायचीच असेल, तर ती सातेरीची असावी, आणि ती माशीही त्याच जंगलातल्या ढोलीतून आलेली असावी. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. तेही सातेरीच्याच भरवशावर उभे आहे.

जंगलातल्या मधाला स्वतःचाही एक घाव आहे, आणि तो रोगाने केलेला नाही. रात्री टेंभा लावून आग्या मोहोळ झाडायचे, हजारो माश्या होरपळून खाली पडायच्या, सगळे पोळे कापून अळ्यांसकट पिळायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. एवढ्या मेहनतीच्या, जीव धोक्यात घालणाऱ्या कामाला बाजारात मिळणारा भाव पाहिला, तर ही रीत चालवणाऱ्यांना बोल लावायला जीभ धजत नाही. पण याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावच्या अभ्यासगटाने मधमाशीचा विचार केला, आणि माशी न मारता मध काढण्याची पद्धत स्वीकारली. वर्ध्याहून गोपाल पालीवाल यांनी विदर्भातल्या जंगलांत हीच पद्धत शिकवली: संरक्षक पोशाख, दिवसाउजेडी चढाई, हलका धूर, आणि पोळ्याच्या वरच्या टोकाला फांदीजवळ साठलेला मधाचा भाग तेवढा कापायचा. अळ्यांचा भाग तसाच राहतो, माश्या पुन्हा मध भरतात, आणि त्याच पोळ्यातून हंगामात दुसऱ्यांदा मध घेता येतो. अळ्या पिळल्या न गेल्याने तो मध लवकर आंबतही नाही. जगणारी वसाहत हीच उद्याच्या रोगाला तोंड देणारी वसाहत असते. जाळलेल्या मोहोळात कुठली माशी काटक होती, हे कुणालाच कळायचे नाही.

२००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या यादीत मध आणि मेण ही दोन्ही नावे स्पष्ट आहेत. २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा या वाटेने गेल्या. याच कायद्याच्या पाचव्या कलमाने जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा कुठली पेटी आपल्या हद्दीत येऊ द्यायची, बाहेरच्या माश्या आणायच्या की नाही, टेंभा बंद करायचा का, आणि लाकूड काढताना ढोली असलेली म्हातारी झाडे उभी ठेवायची का, हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांकडे धाडायची गरज नाही. चारही गोष्टी एका ठरावात मावतात. तो ठराव घ्यायचा, तर पेट्या भरलेला ट्रक आष्टीवरून आलापल्लीकडे निघण्याआधी घ्यायला हवा, कारण रानात एकदा उतरलेला विषाणू परत पाठवता येत नाही.